पद्मिनीच्या काचेची पट्टी सैल झालीय? चिकटवायच्या आधी एवढं करा

काटा साठच्या पुढं गेला की उजव्या कानाजवळ बारीक शिट्टी वाजायला लागते, खड्ड्यातनं गाडी गेली की दारावर टिकटिक काहीतरी आपटतं, आणि गाडी धुतली की दुसऱ्या दिवशी पायाखालचं मॅट ओलं लागतं. पद्मिनी, जुनी फियाट, अँबॅसेडर वापरणाऱ्या माणसाला हे तिन्ही त्रास माहीत असतात. बरेचदा तिन्हीचं मूळ एकाच जागी सापडतं, बाजूच्या काचेखाली दाराच्या कमरेवर जी चमकणारी पट्टी असते, जिला आपण बिडिंग म्हणतो, ती सैल झालेली असते. मग आपण काय करतो, तर फेव्हिबॉन्डची ट्यूब आणतो, पट्टी उचलून आत पिळतो, वरनं दाबतो आणि झालं म्हणतो. मीपण तेच केलं होतं. मे महिन्यात केलं आणि पावसाळा संपायच्या आत पट्टी परत सुटली, आणि सुटताना खालचा रंग सोबत घेऊन गेली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हे काम घरी व्यवस्थित होण्यासारखं आहे, फक्त घाई करायची नाही.

आमची पद्मिनी अण्णांनी घेतलेली, एमएच १३ ची (सोलापूरच्या गाड्यांच्या नंबरांची) मालिका सुरू व्हायच्या आधीची. सोलापुरात ही गाडी सांभाळायला मला एक वेगळा अभिमान वाटतो. ही गाडी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं मुंबईत कुर्ल्याला बनवली ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद शेठ जन्मले सोलापुरात, १८८२ साली. आपल्या गावच्या माणसानं देशात मोटार बनवायचं स्वप्न बघितलं, त्याच कंपनीची गाडी आपल्या अंगणात उभी आहे, तर तिची एक पट्टीसुद्धा वाऱ्यावर सोडायची नाही असं मला मनापासून वाटतं. आणि व्यवहाराचं बघायचं तर ही गाडी बनायची २००० च्या सुमारास बंद झाली, रबर अजून नवीन मिळतं पण मूळ पट्टी मिळायला फार हिंडावं लागतं. म्हणजे जी दारावर आहे तीच आपली, ती वाकवली की संपलं.

आता मूळ मुद्दा. पट्टी सैल होते ती सहसा पट्टीच्या दोषानं नाही, तिच्या खाली जे आहे ते गेलेलं असतं म्हणून. खाली असतात तीन गोष्टी. एक म्हणजे स्प्रिंगच्या पत्र्याच्या छोट्या क्लिपा, ज्या दाराच्या पत्र्याला धरतात आणि पट्टीला आतनं ताणून ठेवतात. दुसरी, ज्या पत्र्याच्या कडेवर किंवा भोकात त्या क्लिपा बसतात तो पत्रा. तिसरी, काचेला टेकणारं रबर, जे पट्टीला बाहेरच्या बाजूला थोडं रेटून ठेवतं. क्लिप गंजली की तिचा ताण जातो, पत्रा गंजला की क्लिपला धरायला काही राहत नाही, आणि रबर वाळून आक्रसलं की पट्टी मोकळी हलायला लागते. आपल्याकडं तर तिसरं सगळ्यात आधी होतं. एप्रिल-मे मध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत गाडी उन्हात उभी असते, तेव्हा दारावर हात ठेववत नाही, तर त्या रबराचं काय होत असेल. ते कडक होतं, भेगा पडतात, दोन्ही टोकाला अर्धा-अर्धा इंच आखूड होतं. त्यात धूळ बसते, भाद्रपदात आपल्याकडं खरा पाऊस पडतो तेव्हा त्या धुळीचा चिखल होतो आणि तो चिखल क्लिपांना धरून ओल राखून ठेवतो. गंज तिथनं सुरू. वरनं सगळं चकचकीत दिसतं.

म्हणून आधी नुसतं तपासा, हत्यार हातात घेऊ नका. सकाळी गाडी गार असताना अंगठ्यानं पट्टी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत हळूहळू दाबत जा. जिथं खाली दबते आणि सोडल्यावर परत वर येते तिथं क्लिप जिवंत आहे पण सैल आहे. जिथं काहीच विरोध लागत नाही तिथं क्लिप नाहीच किंवा तुटलीय. जिथं दाबल्यावर करकर असा आवाज येतो तिथं गंज आहे हे धरून चाला. प्रत्येक जागी पट्टीच्या खाली मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेननं लिहा, सैल, गेली, गंज. पट्टी काढल्यावर सगळं सारखंच दिसतं आणि मग कुठं काय होतं ते आठवत नाही, त्यामुळं हा टेप लै कामाला येतो. रबर तपासायला काच वर करून कागदाची एक पट्टी रबर आणि काचेच्या मध्ये सारा आणि ओढा, अडखळत आली तर ठीक, सरळ निसटली तर तिथं रबर काचेला टेकतच नाहीये. शिट्टी तिथनंच येते.

अजून एक बघायचं म्हणजे हलतंय ते नक्की कमरेचीच पट्टी आहे का. पुढच्या दाराला छोटी तिकोनी काच असते ना, क्वार्टर ग्लास, तिच्या आणि मोठ्या काचेच्या मध्ये उभा चॅनेल असतो, तो खालनं सुटला तरी अगदी असाच खडखडाट येतो. काच अर्धी खाली घेऊन दोन बोटांनी पुढं-मागं हलवा, काच आणि चॅनेल दोन्ही हलत असेल तर दुखणं दाराच्या आत आहे आणि त्याला डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं अस्तर, उघडावंच लागेल. छताच्या कडेला पाण्याच्या पन्हाळीवर कुणी नंतर चमकपट्टी बसवलेली असेल तर तीपण दाबून बघा, वाऱ्याचा आवाज तिथनंही येतो.

सामान फार लागत नाही. मास्किंग टेप, हेअर ड्रायर, बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, १२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, गंजावर लावायचं कन्व्हर्टर, प्रायमर, रंगाची छोटी बाटली, नवीन क्लिपा, नवीन रबर, एक छोटं चुंबक आणि दोरा. आणि पट्टी उचलायला लाकडाची पातळ पाचर. ही पाचर मात्र चांगली पाहिजे. बाजारात प्लॅस्टिकची मिळते ती पण चालते, पण मी वापरतो ती मोडक्या धोट्याच्या लाकडाची, धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा. अण्णा कापड विणायच्या मागावर कामाला होते, घरात जुने धोटे पडलेले होते, एक चिरलेला होता त्याचा तुकडा घासून मी पाचर केली. धोट्याचं लाकूड टणक असतं आणि वर्षानुवर्षं सुतावरनं सरकून गुळगुळीत झालेलं असतं, त्यानं रंगावर ओरखडा उठत नाही. सोलापुरात ज्यांच्या घरी माग होता त्यांच्याकडं माळ्यावर सापडेल बघा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं पट्टी उचकटायची नाही, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम वाचतं. टोक निसटलं की रंग जातो, रंग गेला की तिथं गंज, आणि तो गंज पट्टीखाली लपलेला असल्यामुळं दोन वर्षांनी भोक पडल्यावरच कळतो.

काढायच्या आधी पट्टी कशाची आहे ते ओळखा, कारण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. अल्युमिनियमची हलकी असते, चुंबक चिकटत नाही, आणि एकदा कोचा पडला की तो पूर्ण कधी निघत नाही. स्टेनलेसची कडक असते, ताण सहन करते. इथं लोक फसतात, चुंबक चिकटलं म्हणजे लोखंडावर क्रोम केलंय असं धरतात, पण गाड्यांच्या पट्ट्यांना वापरतात ते स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला धरतं. मागच्या बाजूला बघा, लाल गंज असेल तर क्रोमचं लोखंड, नुसती काळपट मळ असेल तर स्टेनलेस. अल्युमिनियमला भांडी घासायची तारेची घासणी किंवा खाऱ्या सोड्याचं पाणी लावू नका, पांढरे डाग पडतात आणि मूळची चमक जाते ती जातेच.

आता काढणं. वेळ सकाळी दहा-साडेदहाची घ्या, सावलीत, थंडीचे दिवस असतील तर ड्रायर हाताशी ठेवा. भर दुपारी उन्हात करू नका, पत्रा आणि पट्टी दोन्ही तापून फुगलेले असतात, माप चुकतं आणि हातही भाजतो. काच पूर्ण खाली घ्या. ज्या फटीतनं काच आत जाते त्या फटीत जुनं धोतर किंवा टॉवेलची घडी सैलसर सारून ठेवा, कारण क्लिप सुटली की ती बरोबर त्या फटीत पडते. पडलीच तर घाबरू नका, दोऱ्याला चुंबक बांधून आत सोडा, क्लिप स्प्रिंगच्या पत्र्याची असते, धरून वर येते. पट्टीच्या खालच्या बाजूला रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

दार उघडून दोन्ही टोकं नीट बघा. बऱ्याच गाड्यांत टोकाला, दाराच्या जाडीकडच्या बाजूला किंवा क्वार्टर ग्लासच्या रबराखाली, एक बारीक स्क्रू लपलेला असतो आणि रंगाच्या थराखाली तो दिसतही नाही. तो न काढता पट्टी ओढली की ती बरोबर तिथं वाकते. स्क्रू जाम असेल तर त्यावर डब्ल्यूडी फॉर्टीचे (जाम स्क्रू सैल करायच्या तेलाचे) दोन थेंब टाकून चहा पिऊन या. त्याच्या खाचेतला रंग सुईनं कोरून काढा म्हणजे स्क्रू ड्रायव्हर पूर्ण बसेल, खाच खराब झाली तर पुढं ड्रिलशिवाय पर्याय नाही.

मग वरनं टॉर्च मारून बघा क्लिप पट्टीला कुठं धरलीय. काही दारांवर क्लिपा पत्र्यावर बसलेल्या असतात आणि पट्टी वरनं टक्क बसते, काहींवर क्लिपा पट्टीच्या पोटात सरकवलेल्या असतात आणि त्यांचे पाय भोकात जातात. पहिल्या प्रकारात पट्टीची एक कड आधी सुटते आणि पट्टी वळून निघते, दुसऱ्या प्रकारात ती सरळ बाहेर यावी लागते. हे आधी कळलं नाही तर आपण चुकीच्या दिशेला जोर लावतो. ड्रायरनं एका वेळी वीतभर भाग कोमट करा, जुनं रबर आणि जुना चिकटा मऊ होतो. पाचर क्लिपच्या अगदी शेजारी घाला, दोन क्लिपांच्या मधोमध नाही, आणि थोडं उचला. मग पुढची क्लिप, थोडं उचला. परत पहिलीकडं. असं दोन-तीन फेऱ्यांत सगळी पट्टी एकसारखी वर आली पाहिजे. एका टोकाला धरून ओढायचं नाही.

आमच्या भागात एक चाचा आहेत, आयुष्यभर डेंटिंगचं काम केलेले, आता हात थरथरतात म्हणून बसून फक्त सांगतात. त्यांनी मला पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा म्हणाले, "बेटा, पट्टी काढू नको, तिला येऊ दे." मी जोर लावत होतो, त्यांनी हात धरला. त्या दिवशीपासून मी एका दाराला अर्धा तास देतो, आणि आजपर्यंत एकही पट्टी वाकलेली नाही.

पट्टी निघाली की खाली जे दिसेल त्यानं वाईट वाटेल, पण हेच खरं काम आहे. काळी माती, रबराचा चुरा, कुणीतरी कधीतरी भरलेलं सिलिकॉन, गंजलेल्या क्लिपांचे पाय. सगळं टूथब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या. सिलिकॉन असेल तर ते ब्लेडनं नाही, प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं खरवडा आणि शेवटचा कणसुद्धा काढा, कारण सिलिकॉन राहिलं त्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल पडतात. वरवरचा गंज १२० च्या पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, खड्ड्यातला जो निघत नाही त्यावर कन्व्हर्टर लावा, तो काळा पडला की समजायचं काम झालं. मग ३२० नं हलकं घासून, थिनरच्या फडक्यानं पुसून, प्रायमर आणि दोन हात रंग. इथं रंग दिसणार नाहीये म्हणून कंटाळा करू नका, हा न दिसणारा रंगच दार वाचवतो.

क्लिपचं भोक मोठं झालेलं असेल तर दोन रस्ते आहेत. थोडंसंच मोठं असेल तर क्लिपच्या पायाला सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा गुंडाळून बसवा, घट्ट बसते आणि खडखडाटपण मरतो. जास्त मोठं असेल किंवा कडच गेली असेल तर चांगल्या वेल्डरकडनं छोटा पत्रा टाकून घ्या आणि भोक नवीन पाडा. एमसील भरून त्यात क्लिप रोवायचा मोह होतो, ते काही महिने टिकतं, पण दार रोज आपटतं आणि आपटण्यानं एमसील पत्र्यापासून सुटतं, सुटलेल्या फटीत पाणी बसतं. वेल्डिंग करताना काच वर घेऊन ओल्या गोणपाटानं झाकून घ्या, ठिणगी काचेवर पडली तर बारीक काळे खड्डे पडतात ते कायमचे.

क्लिपा शक्यतो नवीन घ्या. जुन्या पार्टच्या दुकानात नेताना एक जुनी क्लिप आणि पट्टीचं माप सोबत न्या, नुसतं पद्मिनीची क्लिप द्या म्हणून चालत नाही, रुंदी पट्टीच्या आतल्या मापाला जुळली पाहिजे. जुनीच वापरायची असेल तर नोज प्लायरनं तिचे कान एक केसभर बाहेर उघडा, म्हणजे ताण परत येतो. एकदाच. दुसऱ्यांदा वाकवली की मोडते. क्लिप अजिबात मिळालीच नाही तर कामचलाऊ उपाय आपल्या गावातच आहे, चादरी-टॉवेलचे गठ्ठे बांधायला जी लोखंडी पट्टी वापरतात तिचा तुकडा कात्रीनं कापून जुन्या क्लिपवर ठेवून तसाच वाकवा. त्याला थोडा स्प्रिंगपणा असतो. कापलेल्या कडेला रंग लावायला विसरू नका, आणि खरी क्लिप मिळाली की बदला.

पट्टी स्वतः जराशी वाकडी असेल तर ती लाकडी पाटावर उलटी ठेवून, आतल्या बाजूनं, छोट्या हातोडीच्या तोंडाला टेप गुंडाळून, अगदी टिचकी मारल्यासारखं ठोकत जा. तिच्या कडा उघडल्या असतील तर प्लायरच्या जबड्यांना टेप लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं आत घ्या, एका जागी जास्त दाबलं तर बाहेरनं लहर दिसते. अल्युमिनियमच्या पट्टीला हे एकदोन वेळाच चालतं, नंतर ती तडकते.

रबराबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथं सगळ्यात जास्त चुका होतात. नवीन रबर आणलं की ते उन्हात दहा मिनिटं सरळ पसरून ठेवा, गुंडाळीचा वळ निघतो. कापताना माप पट्टीएवढं नाही, पट्टीपेक्षा पाऊण ते एक सेंटिमीटर लांब कापा आणि बसवताना ओढू नका, उलट किंचित आत रेटत बसवा. ओढून बसवलेलं रबर महिन्याभरात आपल्या मूळ मापाला परत येतं आणि टोकाला फट पडते, मग लोक म्हणतात रबर खराब निघालं. बसायला जड जात असेल तर साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नाही. तेलानं रबर फुगतं आणि आपल्या धुळीत तर त्याचा काळा लेप होतो, काच वरखाली केली की त्या लेपानंच काचेवर उभे ओरखडे येतात. काचेच्या बाजूच्या मखमली चॅनेललापण तेच, तिथं फक्त सिलिकॉन स्प्रे, तोसुद्धा फडक्यावर मारून पुसायचा.

आता चिकटवण्याचं. पट्टी क्लिपांवरच बसली पाहिजे, चिकटा तिला धरायला नाही. मात्र पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे, नाहीतर धातूवर धातू घासून रंग जातो, आणि स्टेनलेस किंवा अल्युमिनियम ओल्या उघड्या लोखंडाला टेकलं की दोघांतला एक धातू झपाट्यानं खराब व्हायला लागतो. स्टेनलेसच्या पट्टीखाली लोखंडी पत्रा खातो, अल्युमिनियमच्या पट्टीत लोखंडी स्क्रू असेल तर अल्युमिनियम खातं. त्यासाठी पट्टीच्या पोटात कडेनं ब्युटाइल टेपची बारीक दोरी लावा. ती कायम मऊ राहते, पाणी अडवते, आवाज मारते आणि पुन्हा काढायची वेळ आली तर सुटतेसुद्धा. टोकाला सिलिकॉनचा एक ठिपका लावायचाच असेल तर न्यूट्रल लिहिलेलं घ्या. उघडल्यावर ज्याला आंबट व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं. खिडक्या-बाथरूमवाल्या दुकानात स्वस्त मिळतं ते बरेचदा हेच असतं.

आणि स्क्रूची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या गाडीला एकदा पूर्ण रंग दिला होता, तिथं पट्टी परत लावताना क्लिपा हरवल्या म्हणून कारागिरानं थेट बाहेरनं स्क्रू मारले. दिसायला घट्ट. पण एक स्क्रू लांब होता, आत जाऊन काचेला टेकत होता, आणि घरी आणून काच दोनदा वरखाली केल्यावर काचेवर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ उठली. ती काच अजून तशीच आहे, अण्णा गाडीत बसले की त्यांचं बोट त्या रेघेवर जातं. नशीब एवढंच की फुटली नाही. बाजूच्या काचा टफन असतात, एका जागी टोकदार ताण आला की सगळी काच एकदम खडीसाखरेसारखी खाली येते. म्हणून टोकाला मूळचा स्क्रू असेल तिथंही तेवढ्याच लांबीचा स्क्रू वापरा, आणि तो आवळायच्या आधी काच हळूच वर घेऊन आत टॉर्चनं बघा किती जागा आहे. पॉप रिव्हेटपण नको, त्याची शेपूट आत तशीच राहते.

बसवताना आधी सगळ्या क्लिपा जागेवर, मग पट्टी वरनं टेकवून पुढचं टोक क्वार्टर ग्लासच्या रबराला नीट जुळवा, कारण तिथली फट लगेच डोळ्यात भरते. मग तळहाताच्या टाचेनं एक-एक क्लिपवर दाबत मागं जा. प्रत्येक क्लिपला टक्क असा आवाज आलाच पाहिजे, आवाज न आलेली क्लिप तिरकी बसलीय, पट्टी उचलून ती सरळ करा. हातोडी नको. सगळी बसली की मग टोकाचे स्क्रू, तेही हातानं.

पट्टीचं काम झालं म्हणून डोअर पॅड न उघडता राहू नका, निदान ज्या दाराखाली मॅट ओलं होतं तिथं तरी. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, दाराच्या आत थोडं पाणी जाणं हे ठरलेलंच आहे, कितीही नवीन रबर असलं तरी काचेवरनं थोडं आत उतरतंच. ते बाहेर जायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. ती भोकं काळ्या मातीनं नाहीतर अंडरकोटनं (गाडीच्या खालनं मारतात त्या लेपानं) बुजलेली असतात, मग पाणी दारात साठतं आणि दार खालनं कुजतं. तारेचा तुकडा घालून ती मोकळी करा, चारी दारांची. आणि पॅडच्या मागं प्लॅस्टिकचा कागद असतो, तो पाणी गाडीत येऊ देत नाही, मेकॅनिक लोक काच वरखाली करणाऱ्या मशीनचं काम करताना तो फाडून फेकून देतात. पॅड काढताना काचेच्या हँडलच्या मागची वाटी आत दाबून बघा, तिथं आडवी पिन किंवा क्लिप दिसते, काही हँडलना मधोमध स्क्रू असतो. हात टेकायच्या आर्मरेस्टचे स्क्रू काढून मग पॅड खालच्या बाजूनं पाचरीनंच उचला, हार्डबोर्ड भिजून फुगलेला असेल तर क्लिपसकट तुकडा निघतो, सांभाळून. जाड प्लॅस्टिक त्या मापाचं कापून, खालचं टोक दाराच्या फटीत आत जाईल असं, ब्युटाइल टेपनं चिकटवा. मॅट ओलं व्हायचं तिथंच थांबतं.

मग पाण्याची परीक्षा. एक माणूस गाडीत टॉर्च घेऊन बसवा, माझ्याबरोबर माझी मुलगी बसते, तिला हे काम फार आवडतं. बाहेरनं पाइपचं पाणी अगदी मंद सोडा, खालनं सुरुवात करून हळूहळू वर, एका जागी एक-एक मिनिट. वरनं एकदम ओतलं तर गळतं कुठनं तेच कळत नाही. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा नको, तो नव्या गाडीच्या रबरातसुद्धा पाणी घालेल. काच वाळली की रबराच्या कडेला खडू फिरवा आणि काच एकदा वर घ्या, काचेवर उठलेली खडूची रेघ सलग असली पाहिजे, तुटक असेल तिथं रबर टेकत नाहीये, तिथल्या क्लिपखाली सायकल ट्यूबचा तुकडा घालून पट्टी किंचित आत घ्या.

दोन दिवस गाडी उन्हात राहू द्या, नवीन रबर त्या उन्हात बसतं. मग एक फेरी मारा. मी तुळजापूर रोडला जातो, पंचेचाळीस किलोमीटर, सरळ रस्ता आहे, शेवटी घाट आहे, सरळ रस्त्यावर वाऱ्याची शिट्टी ऐकू येते आणि घाटात दारं ताणली गेली की टिकटिक. रेडिओ बंद, सगळ्या काचा पूर्ण वर. शिट्टी आलीच तर शेजारी बसलेल्यानं चालत्या गाडीत आतनं फटीवर बोट फिरवून बघायचं, बोट ठेवल्यावर आवाज जिथं थांबतो ती जागा टेपनं खूण करून घ्या. बाहेर हात काढू नका.

पंधरा दिवसांनी सकाळी गार गाडीवर परत एकदा अंगठ्यानं पहिल्यासारखी पूर्ण पट्टी दाबून बघा, एखादी क्लिप बसताना थोडी सरकलेली असते, ती तेव्हाच दाबून घ्या आणि टोकाचे स्क्रू पाव फेरा आवळा. उरलेल्या क्लिपा आणि रबराचा उरलेला तुकडा फेकू नका, डबीत घालून वर दाराचं नाव लिहून डिकीत ठेवा, मागच्या दाराला लागतातच.